पाखरांनी पास केलेला वाण

आमच्या सरांच्या दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला असायच्या. विसरभोळेपणा म्हणाल तर तो मुळीच नव्हता. डाव्या पायात एका कंपनीची, उजव्या पायात दुसऱ्या कंपनीची, दोन्ही जोड एकाच दिवशी महाडच्या बाजारात घेतलेले. कुठली चप्पल आधी झिजते ते त्यांना बघायचं होतं. चालणारा माणूस तोच, रस्ता तोच, ऊनपाऊस तोच, मग याहून चोख प्रयोग कुठे मिळणार, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या दोन चपलांचं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, पुढच्या वर्षी पाय बदलून घालणार, कारण डावा पायच जास्त घासत असेल तर तो दोष चपलेवर का टाकायचा? त्यांचं ठीक होतं हो. पण पोलादपूरच्या एसटी स्टँडवर त्यांच्या शेजारी मी उभी असायचे. लोक आधी त्यांच्या पायांकडे बघायचे आणि मग माझ्या तोंडाकडे.

हे गृहस्थ शास्त्रज्ञ होते आणि मी त्यांची सहायक. आमचं संशोधन किनव्यावर. मॉलमध्ये त्याला क्विनोआ म्हणतात, आमच्या खोऱ्यात येईपर्यंत त्याचा किनवा झाला. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातलं धान्य, आपल्या राजगिऱ्याच्या गोतावळ्यातलं. भात कापून झालं की आमच्याकडची शेतं पावसापर्यंत नुसती पडून असतात, थोडाफार वाल-पावटा सोडला तर. तेव्हा त्या मोकळ्या जागेत किनवा लावून शेतकरी सुधारावा, असं वर कुणाच्या तरी मनात आलं आणि पोलादपुरात आमचं उपकेंद्र निघालं. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा, एक फ्रिज आणि मी. सर नंतर आले. आले म्हणजे पाठवले गेले. एका मोठ्या बैठकीत कुणी वरिष्ठ म्हणाले, यंदा आपलं काम अतिशय उत्तम झालं, आणि मागच्या रांगेतून सरांनी विचारलं, "कशाच्या तुलनेत?" त्यानंतर लवकरच त्यांची बदली पोलादपूरला झाली. गोष्ट ऐकीव आहे. पण मी त्यांच्यासोबत काम केलंय, त्यामुळे मला ती शंभर टक्के खरी वाटते.

"कशाच्या तुलनेत?" हे त्यांचं पालुपद होतं. आज उकडतंय फार, असं म्हणायची सोय नव्हती. भाजी छान झालीय म्हणायची सोय नव्हती. आमच्या बहिणीच्या लेकाचं लग्न थाटात झालं, असं कुणी कौतुकाने सांगायला यायचं आणि तोंड पाडून परत जायचं. ते माझ्या सासूबाईंच्या दुखण्याचे दिवस होते, मी महाडहून एसटीने यायचे ती निम्मा जीव घरी ठेवूनच. एक दिवस मी म्हटलं, सर, सासूबाईंना आज बरं वाटतंय. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी इतकी वैतागले होते की म्हटलं, मेलेल्या माणसाच्या तुलनेत. त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, मग खरंच बरंय. मला त्यांचा फार राग यायचा. अजूनही येतो.

उमरठच्या अलीकडे एका वाडीत एक काका-काकी होते. त्यांच्या माडीवरच्या खोलीत सर भाड्याने राहायचे, आणि त्यांच्याच नदीकडच्या शेतात आमचा प्रयोग असायचा. काका बडं प्रस्थ. गावकीत त्यांचा शब्द चालायचा, घरात मात्र काकींचा. मुलगा-सून मुंबईला. शिमग्याला सून आली ती येताना किनव्याचं चकचकीत पाकीट घेऊन आली. हे सुपरफूड आहे, मी हल्ली भात सोडलाय, असं ती सासूला समजावत होती आणि खिडकीबाहेर पाहिलं तर आमचा किनवा वाऱ्यावर डोलत होता. सर जेवायला खाली आलेले. आयुष्यभर किनव्यावर जगलेला माणूस, त्याने खरं तर खूश व्हावं. तर यांनी विचारलं, "सुपर? कशाच्या तुलनेत?" आणि मग त्या पोरीला सांगत बसले, की प्रथिनं हवी असतील तर किनवा खरंच चांगला, पण कॅल्शियम हवं असेल तर सासूच्या हातची नाचणीची भाकरी खा, ती याच्या कितीतरी पुढे आहे. सुनेने पाकीट पिशवीत परत ठेवलं. काकींचं तोंड मात्र दिवसभर उजळलेलं होतं. मी मनात म्हटलं, ज्या धान्याचा पगार खातो त्याचीच अशी जाहिरात करणारा माणूस सरकारला दुसरा सापडायचा नाही.

काकींचं आणि किनव्याचं सुरुवातीपासून वाकडं होतं. पहिल्यांदा सरांनी त्यांना शिजवायला दिला, तेव्हा सगळं पातेलं त्यांनी परसात नेऊन उपडं केलं. किनवा शिजला की प्रत्येक दाण्यातून एक पांढरं, वळलेलं शेपूट बाहेर येतं. काकींना वाटलं अळ्या. "बाय, तुझा सायब किडं खातो काय गो?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. सर खजील होतील असं मला वाटलं, तर हे आनंदाने वहीत लिहून घेतायत की ग्राहकाची पहिली प्रतिक्रिया अमुक अमुक.

आता थोडं कडूगोडाचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. किनव्याच्या दाण्यावर एक कडू थर असतो. पाण्यात चोळला की रिठ्यासारखा फेस येतो, आणि तो फेस जाईपर्यंत धूत बसावं लागतं, नाहीतर घास तोंडात धरवत नाही. धुवायला पाणी किती लागतं ते विचारू नका. आणि आमच्या वाड्यांवर मार्च-एप्रिलात पाण्याची काय दशा असते हेही विचारू नका. काकी ते फेसाचं पाणी फुकट घालवायच्या नाहीत, तांब्याची भांडी त्यात घासायच्या. हळूहळू वाडीतल्या बाया आमच्याकडे ते पाणी मागायला यायला लागल्या. आमच्या संपूर्ण प्रकल्पातून निघालेली लोकांना खरोखर हवी असलेली वस्तू ती एवढीच.

सरांनी उभं आयुष्य त्या कडूपणाच्या मागे घालवलं होतं. फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शेतात त्यांना एकच कणीस असं सापडलं की ज्याला फेस येईना. त्या कणसाचे दाणे लावायचे, त्यातलं कडू निघेल ते उपटून टाकायचं, गोड तेवढं ठेवायचं, पुन्हा लावायचं. बदल्या झाल्या, केस गेले, बायको कंटाळून मुलीकडे राहायला गेली, पण बियाण्याची पिशवी सरांसोबत गावोगाव फिरली. खिशात पेनाऐवजी काचेची नळी असायची. जरा संशय आला की दाणे नळीत टाकून पाणी घालून हलवायचे आणि शाळेतल्या फूटपट्टीने फेसाची उंची मोजायचे. एसटीतसुद्धा. वाणाला अजून नाव नव्हतं, नुसता एक लांबलचक क्रमांक. मी म्हटलं, एखादं साधंसं नाव ठेवा ना, मला लिहायला बरं. तर म्हणाले, पास झाल्याशिवाय बारसं नाही.

आणि ते पास होणं आता एका हंगामावर येऊन ठेपलं होतं. उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते. बाकीच्या केंद्रांवरचे निकाल चांगले आले होते. काकांच्या शेतातला प्रयोग हा शेवटचा. तो बघायला वरून समिती येणार, आणि तिने मान्यता दिली तर गोड किनवा सरांच्या हयातीत शेतकऱ्यांच्या हातात जाणार. नाही दिली तर पिशवी फ्रिजच्या तळाला आणि सर घरी. त्यांच्यानंतर त्या पिशवीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

पेरणीला, काकांच्या रानात यंदा पहिल्यांदाच आलेल्या गोड वाणासोबत, तुलनेसाठी नेहमीचा कडू वाण होताच. तुलनेशिवाय सरांचा घास तरी उतरला असता का! कुठल्या वाफ्यात गोड आणि कुठल्या वाफ्यात कडू हे चिठ्ठ्या टाकून ठरलं. चिठ्ठ्या काकींनी उचलल्या. इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग काकांनी राखणेचा विषय काढला.

आमच्याकडे शेताच्या राखणदार देवाला दर हंगामात नारळ आणि कोंबडा द्यायची रीत आहे, त्यालाच राखण म्हणतात. काका म्हणाले, परमुलखातलं पीक हाय, त्याला इथली वळख नाय, तेव्हा राखण तर द्यायलाच हवी, नायतर मी जबाबदार नाय. मला वाटलं आता सर यांना विज्ञानाचं व्याख्यान देणार आणि आमचं शेत हातचं जाणार. सरांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, माझी हरकत नाही, पण राखण सगळ्या वाफ्यांना सारखी मिळाली पाहिजे. एकाच कोपऱ्यात दिली तर तुलना बिघडेल.

तो सोहळा मी जन्मात विसरायची नाही. राखणदाराचा दगड शेताच्या एका कोपऱ्यात. पण सरांच्या हट्टापायी काका कोंबडा काखेत घेऊन प्रत्येक वाफ्यात जाऊन उभे राहिले. पुढे सर, एका हातात शेताचा नकाशा, दुसऱ्या हातात घड्याळ, पायात दोन जातीच्या चपला. कोंबडा प्रत्येक वाफ्यात सारखाच वेळ थांबला पाहिजे! काका बिचारे दर वाफ्यात गाऱ्हाणं नव्याने सुरू करायचे, अर्ध्यावर आले की सर म्हणायचे, चला पुढे. बांधावर सगळी वाडी जमलेली. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या. एका वाफ्यात काकांना पुढचे शब्दच आठवेनात, तर सरांनी ते सांगितले. इतक्या वेळा ऐकून त्यांचे पाठ झाले होते. शेवटी कोंबडा दगडापाशी गेला आणि संध्याकाळी काकींच्या रश्शात आला. रस्सा झकास झाला होता, पण तसं म्हणायची माझी छाती झाली नाही.

पीक मात्र देखणं आलं. थंडी सरता सरता वाफे लाल-पिवळे झाले. कणसं भरू लागली तशी पाखरं दिसायला लागली. काका म्हणाले, हिला बसवतो पाखरं हाकायला, घरात बसून तरी काय करते. काकींनी त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला तो सोडा, पण त्या तयार होत्या. सरांनी नाही म्हटलं. काकी बसणार आंब्याच्या सावलीत, म्हणजे आंब्याजवळच्या वाफ्यांना राखण जास्त आणि लांबच्यांना कमी. ते कसं चालेल? मी म्हटलं, मग जाळी लावू, बाकीच्या केंद्रांवर लावतातच. तर म्हणाले, या वाडीत कुणाच्या शेताला जाळी आहे ते दाखवा, मग लावू. शेतकऱ्याच्या रानात शेतकऱ्याच्याच पद्धतीने पीक कसं येतं, हे बघायला आपण इथे आलोय. मी कपाळावर हात मारून घेतला.

समिती यायच्या आदल्या आठवड्यात माझी सुटी होती. परत आले तेव्हा काकी पायरीवरच बसलेल्या. "जा, बघून ये," एवढंच म्हणाल्या. मी शेतावर गेले. कडू वाणाचे वाफे जसेच्या तसे, कणसं वजनाने वाकलेली. गोड वाणाच्या वाफ्यांत नुसत्या काड्या उभ्या होत्या. वाफ्यांची सरमिसळ होती, तरी पाखरांनी कुठे चूक केली नव्हती. गोड तेवढं शोधून खाल्लं होतं. सर बांधावर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, कडूपणा म्हणजेच त्याची राखण होती, मॅडम, आणि तीच मी इतकी वर्षं काढत बसलो. खिशातली नळी त्यांनी काढली, हातात फिरवली आणि परत ठेवली. मोजायला काही नव्हतंच. मला रडू आलं, आणि अशा माणसासाठी रडू आलं याचा संतापही आला.

समिती आंबेनळीचा घाट उतरून आली. आदल्या रात्रीचा मुक्काम महाबळेश्वरला, गाडीत मागे स्ट्रॉबेरीची खोकी. अध्यक्ष गोरेगोमटे, गोड बोलणारे. बाकीचे दोघे मान हलवायला आणले होते, आणि ते काम त्यांनी चोख केलं. आधी जेवण झालं. काकींनी बाकीच्या केंद्रांवरून आलेल्या गेल्या वर्षीच्या दाण्यांतून कडू किनव्याची आणि गोड किनव्याची वेगवेगळी खिचडी केली होती. पाहुण्यांनी दोन्हीचा एकेक चमचा घेऊन मोर्चा कोंबडीच्या रश्शाकडे वळवला. वा, पौष्टिक, असं अध्यक्ष म्हणाले आणि मी सरांकडे इतक्या कळकळीने बघितलं की त्या दिवशी ते चक्क गप्प बसले.

शेतात आल्यावर अध्यक्षांनी सगळं एका नजरेत ओळखलं. माणूस मूर्ख नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. वाईटही नव्हता. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाखरांमुळे प्रयोग बाद, एवढंच लिहा आणि सही करा. हे ठिकाण आपण वगळू. बाकीच्या केंद्रांचे आकडे उत्तम आहेत. तुमचा वाण आजच पास."

"बाकीच्या केंद्रांवर जाळी होती," सर म्हणाले.

"असणारच. नियमात बसते."

"शेतकऱ्याकडे नसते."

अध्यक्ष हसले. अहो, शेवटचं वर्ष तुमचं, म्हणाले. आम्ही तुमच्यासाठीच सांगतोय. आणि ते खरंच होतं. मला राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, सर, लिहा ना हो. सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, चिठ्ठ्या टाकताना तुम्ही होतात. चिठ्ठ्या खोट्या होत्या?"

"नाही."

"कोंबडा कुठल्या वाफ्यात कमी थांबला का?"

"नाही, सर."

"पाखरांना सगळं रान सारखंच मोकळं होतं. त्यांनी गोड खाल्लं, कडू सोडलं. मग बाद काय झालं?"

अध्यक्षांना त्या कोंबड्याचा उलगडा होईना, आणि विचारायचं धाडसही होईना. सरांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि गोड वाणापुढे उत्पादन शून्य असं लिहून सही केली. मग म्हणाले, चवीला मात्र पास म्हणून लिहा, पाखरांनी एक दाणा शिल्लक ठेवला नाही. त्यांनी आयुष्यात केलेला हा एकुलता एक विनोद असावा. दोघे सभासद सवयीने मान हलवून गेले.

त्या संध्याकाळी काका ओट्यावर डोकं धरून बसले होते. आमचा राखणदार असं अर्धंमुर्धं कधी करत नाय, हेच त्यांचं चाललेलं. सर त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, राखण सगळ्या वाफ्यांना सारखी होती, त्यामुळे त्याच्याकडे दोष जात नाही. काकांना ते पटलं. दोघांचं कुठल्याही गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच बघत होते. काकींनी चहा दिला. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचा जन्म खोडून टाकला, तो देवाच्या अब्रूची काळजी करत बशीत चहा ओतत होता. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

पुढे पेपरात छायाचित्र आलं. पोलादपूरच्या मातीत किनवा बहरला, असा मथळा, आणि खाली अध्यक्ष कडू किनव्याचं भरगच्च कणीस हातात घेऊन उभे. तो कडू वाण कुणी शोधला, कुठून आला, याचा पत्ता नाही. तो आपला तुलनेसाठी उभा होता बिचारा. मी कात्रण सरांना दाखवलं. त्यांनी ते वाचलं. "बहरला," ते म्हणाले, "कशाच्या..." आणि पुढचं बोललेच नाहीत. एवढी वर्षं ज्या शब्दांनी माझं डोकं उठवलं, ते अर्धवट सुटलेले ऐकून मी कात्रणाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

निरोप समारंभाला मी आधी त्यांच्या पायांकडे बघितलं. पाय बदलून झाले होते, चपला दोन जातीच्याच होत्या. बियाण्याची पिशवी त्यांनी मला दिली नाही, की सांभाळा म्हणून सांगितलं नाही. फ्रिजच्या तळाला ठेवून गेले. ती अजून तिथेच आहे.

आता नवे सर आलेत. माणूस सज्जन आहे, वेळेवर येतो, चहा झाला की छान झाला म्हणतो, दोन्ही पायांत एकाच जोडातल्या चपला घालतो. प्रत्येक वाफ्यावर जाळी आहे. आमच्या उपकेंद्रात हल्ली सगळं पास होतं. मला कसलाच त्रास नाही.

परवा एसटी स्टँडवर काका भेटले. महाडला जावयाकडे निघाले होते, एमआयडीसीतली पाळी संपवून जावई तिकडच्या स्टँडवर न्यायला येणार होता. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी विचारलं, "नवं सायब कसं हायत?"

चांगले आहेत म्हणणार होते मी. तोंडातून निघून गेलं, "कशाच्या तुलनेत?"

काकांनी हळूच खाली माझ्या पायांकडे बघून घेतलं.